बरोबर कोण आलंय?

"कुणासंगं आलीस गं, बाय?"

हा आवाज मनालीच्या आईचा. रत्नप्रभा घाटकोपरला महापालिकेच्या प्रसूतिगृहात आया होती. शाळा सुटली की मनाली तिथल्या बाकावर दप्तर टाकून पाढे घोकत बसायची. एखादी बाई कळा आवरत, भिंतीला हात लावत दारातून आत आली, की आई पहिलं हेच विचारायची. नाव मागाहून, केसपेपर मागाहून. "सासू येतेय मागनं," असं ती बाई म्हणाली तर आई नुसती तिची पिशवी हातात घ्यायची. पण "कुणी नाय" असं आलं, की आई पदर खोचायची. "मग मी हाय की. चल." आणि तिच्या पाठीवर हात ठेवून तिला व्हरांड्यात फिरवताना, कुणाला गाणं वाटू नये अशा बेताने, स्वतःच जोडलेलं काहीबाही गुणगुणायची:

कुणासंगं आली लेक, एकलीच आली दारी,
एकली म्हणू कशी, पोटी सोबत तिच्या भारी.

मनालीला तेव्हा वाटायचं, जगातला सगळ्यात मायेचा प्रश्न तो हाच.

आता ती एकोणतीस वर्षांची होती, आई जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि तोच प्रश्न चुकवण्यासाठी गेले साडेचार महिने तिच्या जिवाला थारा नव्हता.

मुलुंडच्या एका सोनोग्राफी सेंटरच्या काउंटरवर ती चार वर्षं कामाला होती. 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' या पाटीच्या बरोबर खाली तिची खुर्ची. आलेल्या बाईचा सरकारी एफ फॉर्म भरायचा, ओळखपत्राची झेरॉक्स जोडायची, बाळ मुलगा की मुलगी हे मला जाणून घ्यायचं नाही, अशी तिची सही घ्यायची. सोबत सेंटरचा स्वतःचा एक कागद असायचा, आधीच्या दुखण्याखुपण्याचा. त्यातला पहिलाच रकाना, कितवी खेप. तिथे आलं की मनालीचा आवाज आपोआप उतरायचा. "खरं सांगा हं, ताई. आधी काही झालं असेल तर लपवू नका, आत मॅडमना लागतं ते." त्यावर कितीतरी बायका बरोबरच्या माणसाला पाणी आणायला पिटाळायच्या, आणि तो पाठमोरा झाला की टेबलाच्या कडेवर दोन बोटं ठेवायच्या. कधी तीन. मनाली मान न उचलता लिहून घ्यायची.

आतल्या खोलीचं दार लोटलेलं असलं तरी आवाज यायचा. रेवती मॅडम तपासताना बडबडत असल्या की समजायचं, सगळं सुरळीत. "हे बघा डोकं. हा पाठीचा कणा, मोत्याच्या सरासारखा. अहो, काय लाथा मारतंय, कुणावर गेलंय?" पण कधीतरी बोलणं मध्येच थांबायचं. नुसती बटणांची टकटक. आणि मग अगदी हवापाण्याचं विचारावं तशा सुरात मॅडम म्हणायच्या, "बरोबर कोण आलंय तुमच्या?"

बाहेर मनालीचं पेन थांबायचं. बाकावरच्या माणसांत ते माणूस कुठलं, हे ती शोधायची. ते मोबाइलवर काहीतरी बघून हसत असायचं.

आईचा प्रश्न, शब्दही जवळपास तेच. फक्त तो आता आत येताना विचारत नव्हते.

मनालीला एकोणिसावा आठवडा लागला होता. बाळाचा एकेक अवयव नीट बघायची जी मोठी तपासणी असते, तिचे हेच दिवस. आणि मनालीच्या पोटावर या खेपेला एकदाही मशीन फिरलं नव्हतं.

हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण तिच्या नोकरीत हे लपवणं फार सोपं होतं. घरी सगळ्यांनी धरूनच चाललेलं. "तुझं काय बाबा, घरचंच मशीन!" असं तिचा नवरा केतन पहिल्याच महिन्यात म्हणाला होता. बाराव्या आठवड्यात त्याने विचारलं, "झालं का गं?" तिने भाजी परतता परतता म्हटलं, "झालं ना. सगळं ओके." आणि सेंटरमध्ये तिच्या शेजारच्या खुर्चीवरची श्रुतिका जेव्हा म्हणाली, "ए, तुझं कधी करायचं?" तेव्हा तिला सांगितलं, "नको गं. रोज ज्यांच्याबरोबर चहा प्यायचा त्यांच्यापुढे पोट उघडं टाकायचं, कसंतरीच वाटतं. मी घराजवळ घाटकोपरलाच करते." घरच्यांना वाटे मुलुंडला होतंय, मुलुंडच्यांना वाटे घाटकोपरला. बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंनी दोनदा रिपोर्ट मागितला, दोन्ही वेळा तिने सांगितलं, घरी राहिला. बाहेर बायकांची रांग, आणि मनाली कुठे कामाला आहे हे त्यांना ठाऊक, म्हणून त्यांनी ताणलं नाही; तरी दुसऱ्या खेपेला त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या होत्या, "पुढच्या वेळी रिपोर्टशिवाय दारात उभी राहू नकोस."

पुढची वेळ सोमवारची होती. आज शुक्रवार.

असं का वागतोय आपण, हे तिचं तिला पक्कं माहीत होतं, आणि तेच कुणाला सांगता येत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी केतन आठ दिवस पुण्याला ट्रेनिंगला गेला होता. तो लिफ्टच्या कंपनीत, मेंटेनन्सला. तो गेला आणि दुसऱ्या दिवशी मनालीला त्या पट्टीवर दोन रेघा दिसल्या. तिने जीभ दाताखाली धरली. फोनवर नाही सांगायचं. तो आला की त्याच्या तळहातावर तो काळापांढरा फोटो ठेवायचा, आणि म्हणायचं, ओळख. आपल्या सेंटरमध्ये गेलं तर दुपारपर्यंत पेढे मागतील, म्हणून ती सुट्टीच्या दिवशी पार कांदिवलीला गेली, जिथे काळं कुत्रं ओळखत नव्हतं. ती आडवी झाली. गार जेल लागलं. तिथला डॉक्टर बोलका होता. मग तो बोलायचा थांबला.

"बरोबर कोण आलंय तुमच्या?"

"कोणी नाही," ती म्हणाली. पुढचं त्याने सांगायची गरजच उरली नव्हती. नऊ आठवड्यांचं होतं. ठोके नव्हते.

दोन दिवसांनी तिकडच्याच एका नर्सिंग होममध्ये तिने पोट साफ करून घेतलं, संध्याकाळी घरी येऊन पांघरूण घेऊन पडली, आणि सासूला सांगितलं, पाळी जोरात आलीय. सासूने, नंदाने, ओव्याचं पाणी दिलं, गरम पाण्याची पिशवी दिली, आणि वर सुनावलं, "अंगावर काढता तुम्ही पोरी. लोह खा जरा." केतन आला तो दमून झोपला. सांगायचं ते राहिलं. आठवडा गेला तेव्हा वाटलं, आता बोलले तर विचारेल, आठवडाभर का गप्प होतीस. महिना गेला तेव्हा महिन्याचं विचारेल. मग त्या गोष्टीवर दिवसांचे थर चढत गेले, आणि खाली काय ठेवलंय ते फक्त तिला माहीत.

त्याहून वेडी गोष्ट दुसरीच होती. आवाजाच्या लहरी असतात हो ताई, बाळाला काही होत नाही, हे ती दिवसातून दहा जणींना सांगायची. खरं होतं ते, तिला कळत होतं. पण पोटाच्या आत कुठेतरी एक समजूत घर करून बसली होती, की ते छान निजलं होतं, आपण डोकावलो आणि ते दचकलं. बघायलाच गेलो नसतो तर? आता पुन्हा डोकवायचं नाही. आणि समजा धीर करून गेलंच, तर केतन बरोबर येणार, आणि काउंटरवर तो रकाना असणार. कितवी खेप.

गेल्या रविवारपासून पोटात मधूनच काहीतरी फडफडायचं. ओंजळीत पाखरू धरल्यासारखं. की गॅस? ती काउंटरखाली हात नेऊन पोटावर ठेवायची, श्वास धरायची, फोन वाजला की सोडायची. उठायची, फाइल आणायची, नको असलेली. पुन्हा बसायची. "तुला मुंग्या चावतायत का गं?" श्रुतिका म्हणायची.

त्या शुक्रवारी भर दुपारी काचेचं दार ढकलून नंदा आत आली. हातात तीन पुडांचा डबा.

"मम्मी? तुम्ही इथे?"

"का, यायचं नाही? काल रात्री सुकटीची चटणी, सुकटीची चटणी करत होतीस. म्हटलं गरम भाकरीबरोबर खाऊ दे." तिने डबा काउंटरवर ठेवला. वाट बघणाऱ्या दोन बायकांनी नाकाला पदर लावला, तिसरी आशेने बघायला लागली. नंदा श्रुतिकाकडे वळली. "तू श्रुतिका ना? जयभीम. जरा आमच्या बाळाचा फोटो दाखव गं मला त्या टीव्हीवर. ही मेली घरी आणतच नाही. रोज विसरते."

"फोटो?" श्रुतिका हसली. "अहो मावशी, हिचं इथे कुठे होतं? ती तिकडे करते ना, तुमच्या घाटकोपरला."

मनालीला वाटलं, डोक्यावरच्या पंख्याचा आवाज बंद झाला.

नंदाने सुनेकडे एकदा बघितलं. एकदाच. मग कपाळावर हात मारला. "अगो बाई, हो की! घाटकोपरलाच तर. मीच गेले होते बरोबर. साठी आली बघ, डोकं गेलं." आणि मनालीला म्हणाली, "चल, बाहेर बसून चार घास खा. इथे वास सुटलाय."

जिन्याच्या खालच्या पायरीवर दोघी बसल्या. नंदाने डबा उघडलाच नाही.

"कुठल्या घाटकोपरला गं?"

मनाली डब्याची कडी चाचपत राहिली.

"मी कुणाला खोटं पाडत नाही चारचौघांत. पण आता इथे चारचौघं नाहीत."

"केलंच नाही, मम्मी."

"म्हणजे ही मोठी तपासणी?"

"एकही नाही."

नंदाने श्वास आत घेतला तो बाहेर यायला वेळ लागला. "आणि मी अख्ख्या पंतनगरला सांगत सुटलेय, आमच्या सुनेचं सगळं नॉर्मल म्हणून." मग एकदम तिच्याकडे वळून, "मुलगी असेल म्हणून भितेस का? माझ्या घरात असलं काही चालत नाही हां. मला मुलगी चालेल. मला मुलगीच चालेल."

मनालीला अशाही वेळी हसू आलं. "तसं नाही हो. ते इथे कुणी सांगतच नाही."

"मग कसं?"

"भीती वाटते. बघितलं आणि…"

"आणि काय?"

उरलेलं ओठांपर्यंत आलं आणि मागे फिरलं. नंदाने तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. घासणीने खरखरीत झालेला तळवा.

"हे बघ पोरी, पोट तुझं. आमच्या वेळी मशीन नव्हतं, आणि बरं होतं, असं मी मुळीच म्हणणार नाही. माझ्या जावेचं बाळ पाठीला गाठ घेऊन जन्मलं. आधी कळलं असतं तर मोठ्या दवाखान्यात नेली असती. गावातच बाळंत झाली, तीन दिवस राहिलं ते. आता मला एवढंच सांग. तुझ्या त्या टेबलासमोर एखादी बाई येऊन म्हणाली, मला भीती वाटते, मी नाही करत, तर तू तिला काय सांगतेस?"

मनालीला ते पाठ होतं. पाढ्यासारखं.

"केतनला तूच सांग," नंदा उठत म्हणाली. "मी नाही सांगणार. पण माझ्या पोटात काही राहत नाही, माहितीये ना तुला? उद्या सकाळपर्यंत कशीबशी दम धरेन. आणि ती चटणी खा."

संध्याकाळी केतन आला तेव्हा मनाली खोलीत येरझारा घालत होती. धुतलेले कपडे घडी करायची, घडी मोडायची. तो चहा घेऊन पलंगावर बसला, आणि तिने खिडकीकडे तोंड करून सांगून टाकलं. अर्धंच.

केतनने कप खाली ठेवला. "एक मिनिट. त्या दिवशी तू म्हणालीस सगळं ओके…"

"खोटं होतं."

"मनाली, यार! साडेचार महिने? मी साइटवर लोकांना सांगतोय, आमचं बाळ असंय, तसंय… मी तर ते किती सेंटिमीटरचं असेल ते नेटवर बघून सांगतोय! वाट लागली." तो उठला, पुन्हा बसला. आवाज चढलेला, पण डोळे घाबरलेले. "का पण? तू? तू तर दुसऱ्यांना समजावतेस!"

"बघितलं की थांबेल असं वाटतं."

"काय थांबेल?"

"ते."

"बघितल्याने काय थांबतंय? कुणाचं थांबलंय?"

ती खिडकीच्या गजावरची धूळ बोटाने पुसत राहिली. समोरच्या इमारतीत कुणीतरी कुकर लावला होता. तिने शिट्ट्या मोजल्या. तीन. चार. इतका सरळ प्रश्न होता, आणि उत्तर एका शब्दाचं.

केतन तिच्यामागे येऊन उभा राहिला. राग ओसरला की तो कामाच्या गोष्टी बोलायचा, तशी त्याची सवय. "ऐक ना. लिफ्ट मध्येच अडकते ना, तेव्हा आत काय चाललंय मला काही दिसत नाही. कोण रडतंय, कोण दार बडवतंय. मी पहिलं वरून ओरडतो, मी आलोय, आत किती जण आहात, खरं सांगा. तो आकडा कळल्याशिवाय मी कशाला हात लावत नाही. पण कळला की काढतोच. आजपर्यंत सगळे काढलेत." त्याने तिच्या खांद्यावर हनुवटी टेकली. "उद्या जाऊ. मी सुट्टी टाकतो. तुझ्याच सेंटरमध्ये. जे असेल ते दोघं बघू."

"हो," ती म्हणाली.

स्वयंपाकघरात नंदाने भांडं जरा जास्तच जोरात ठेवलं. ऐकत होती.

रात्र कशी गेली ते मनालीला कळलं नाही. सकाळी तिने केस दोनदा विंचरले, वेणी दोनदा घातली. कदाचित श्रुतिका विचारणारच नाही. ओळखीचीच तर आहे. कदाचित ती आत गेल्यावर मॅडमच्या कानात सांगता येईल. डॉक्टरपुरतं खरं, घरापुरतं खोटं; होतं की असं किती जणींचं. तिनेच तर लिहून घेतलं होतं.

शनिवारी सेंटर गजबजलेलं होतं. ती पहिल्यांदाच काउंटरच्या या बाजूला बसली. इथून ती पाटी वेगळी दिसत होती, अक्षरं मोठी, आणि खुर्ची उंच. शेजारी केतन, स्वच्छ शर्ट, मांडीवर दोन्ही हात, शाळेत पालकांच्या सभेला आल्यासारखा. आतून रेवती मॅडमचा आवाज येत होता. बोलत होत्या. बोलत होत्या अजून.

"आलीस शेवटी आमच्याकडेच," श्रुतिकाने फॉर्म ओढला. "घाटकोपरवाल्यांनी हाकललं वाटतं? आधार दे. जीजू, तुमचं नाव पूर्ण सांगा." पेन भराभर चाललं. नाव, पत्ता, पाळीची तारीख. इथे सही. बाळ मुलगा की मुलगी, मला जाणून घ्यायचं नाही, इथे सही. मग तो दुसरा कागद पुढे आला, आणि श्रुतिकाचा आवाज सवयीने खाली उतरला. मनालीनेच लावलेली सवय ती.

"कितवी खेप?"

"पहिली," केतन म्हणाला. लगेच, कौतुकाने.

श्रुतिकाचं पेन कागदाला टेकलं नाही. तिने मनालीच्या चेहऱ्याकडे बघितलं. चार वर्षं दोघी एकमेकींशेजारी बसून बायकांचे चेहरे वाचायला शिकल्या होत्या. तिने पेन बाजूला ठेवलं आणि अगदी सहज म्हणाली, "जीजू, त्या कोपऱ्यातून हिच्यासाठी पाणी आणता का? दोन ग्लास आणा. प्यायलेलं बरं."

"हो, हो." केतन उठला, कोपरा कुठला ते बघायला लागला.

वाट मोकळी झाली होती. तो पाच पावलं गेला की टेबलाच्या कडेवर दोन बोटं ठेवायची, बस. श्रुतिका मान न उचलता लिहील. पुढे कुणी काही विचारणार नाही. मनालीचा हात टेबलाकडे गेलासुद्धा.

आतल्या खोलीतलं बोलणं त्याच वेळी थांबलं. टकटक, टकटक. बाकावरचा एक निळ्या शर्टातला माणूस मोबाइलवर काहीतरी बघून हसत होता. मनालीने डोळे मिटले. "कुणासंगं आलीस गं, बाय?" पदर खोचून, पाठीवर हात ठेवून विचारलेलं. आणि पोटात खाली, डाव्या बाजूला, ते पाखरू फडफडलं. एकदा, आणि पुन्हा एकदा.

आत मॅडम पुन्हा बोलायला लागल्या. "हां, आता वळलं बघा. किती लपाछपी!"

मनालीचा टेबलाकडे गेलेला हात वळला आणि तिने केतनचं मनगट धरलं. इतकं घट्ट, की तो थांबून वाकला.

"पाणी नको. बस इथे."

"काय गं? चक्कर येतेय का?"

"बस ना." तो बसला. तिने मनगट सोडलं नाही. "श्रुतिका, लिही. दुसरी."

केतन हसल्यासारखं काहीतरी करायला गेला. "दुसरी काय?"

"तू पुण्याला गेला होतास, ट्रेनिंगला, तेव्हा. आलास तेव्हा मी पांघरूण घेऊन पडले होते, ते पाळीचं दुखणं नव्हतं, केतन. आपलं बाळ होतं. नऊ आठवड्यांचं. तुला फोटो दाखवायचा म्हणून मी कांदिवलीला गेले, आणि त्याचे ठोके थांबले होते. डॉक्टरने मला विचारलं, बरोबर कोण आलंय तुमच्या? मी म्हटलं, कोणी नाही."